वाचकांचे प्रश्न : थरमधले गड, देवळं आणि छत्र्या

थंडी तोंडावर आली की राजस्थानच्या सहलींबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी जोधपूर, जैसलमेर, बिकानेर आणि त्यांच्या आसपासचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जानेवारीत आठ दिवस काढून जोधपूर, जैसलमेर, बिकानेर करायचा विचार आहे. आम्ही दोघंही पासष्टीच्या पुढचे, त्यात ह्यांचे गुडघे कुरकुरतात. गड बघणं झेपेल का? क्रम कसा लावावा? (सातारा)

झेपेल. क्रम जोधपूर, जैसलमेर, बिकानेर असाच ठेवा. जोधपूर ते जैसलमेर साधारण २८० किलोमीटर, जैसलमेर ते बिकानेर ३३० आणि बिकानेरहून परत जोधपूर २५०. म्हणजे जवळजवळ तीन दिवस गाडीतच जातात. ते धरूनच हिशेब करा, नाहीतर सहावा दिवस उजाडेपर्यंत दोघंही थकलेले असाल.

बहुतेक जण नकाशा पुढ्यात घेऊन जवळजवळची ठिकाणं एका दिवसात बसवतात. या भागात तसं जमत नाही, इथे घड्याळ पुढ्यात घ्यावं लागतं. जैसलमेर किल्ल्यातली जैन मंदिरं बघायची तर सकाळीच. जैसलमेरजवळच्या बडा बागेतल्या छत्र्या, म्हणजे राजांची स्मारकं, भर दुपारी नुसते पिवळे दगड वाटतात, ऊन कलल्यावर त्यांच्यावरचं कोरीव काम उठून दिसतं. फलोदीजवळच्या खीचनला हिवाळ्यात हजारो कुरजां, म्हणजे करकोच्याच्या जातीचे पक्षी, उतरतात. ते चुग्याला, म्हणजे टाकलेले दाणे टिपायला, येतात सकाळीच. जोधपूरहून आरामात निघून अकरा-बाराला तिथे पोचलात तर चुगाघर रिकामं दिसेल. मग तळ्याच्या काठावर लांबून दिसतील तेवढ्यावर समाधान मानायचं, किंवा आदल्या रात्री मुक्काम फलोदीला करायचा.

दुसरी गोष्ट सूर्याची. जैसलमेर जवळजवळ ७१ पूर्व रेखांशावर आहे आणि आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर. त्यामुळे तिथला सूर्य घड्याळाच्या पाऊण तास मागे असतो. जानेवारीत उजाडायलाच जवळपास साडेसात होतात, त्यात धुकं. ‘पहाटे सहाला निघू’ असं ड्रायव्हरला सांगू नका. तो हो म्हणेल, पण पहिला दीड तास अंधारात आणि धुक्यात जाईल. रात्रीचाही प्रवास नको, कारण गायी आणि उंट डांबरी रस्त्यावर येऊन बसतात.

आता गुडघे. मेहरानगडला, म्हणजे राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेल्या जोधपूरच्या गडाला, लिफ्ट आहे. तिचं तिकीट वेगळं. जाताना लिफ्टने आणि येताना चालत असं बरेच जण करतात, आणि ते उलटं पडतं, कारण दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. उतरतानाही लिफ्टच घ्या. त्यात एक मात्र निसटतं : खालच्या वाटेवरच्या दरवाज्यापाशी जयपूरच्या फौजेच्या तोफगोळ्यांच्या खुणा आहेत आणि लोहापोळीपाशी (पोळ म्हणजे दरवाजा) सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे. ह्यांना सावलीत बसवून तुम्ही एकट्या जाऊन बघून या.

जैसलमेरच्या किल्ल्याला पायऱ्या नाहीत, चढाचा फरसबंद रस्ता आहे. अखई, सूरज, गणेश आणि हवा अशा चार पोळी लागतात. हत्तीला धावत येऊन दारावर धडक देता येऊ नये म्हणून वाट मुद्दाम वळवलेली आहे. ती फरशी पावलांनी घासून काचेसारखी गुळगुळीत झाली आहे, म्हणून रबरी तळव्याचे बूट घाला आणि काठी असेल तर तिचं खालचं रबर नवीन बसवून घ्या. रिक्षावाले वरपर्यंत नेतात का, हे पायथ्याशी विचारून घ्या. गर्दीच्या दिवसांत निर्बंध असतात.

बिकानेरचा जुनागड तुम्हाला सोयीचा. राजा रायसिंहाने १५८९ ते १५९४ या काळात बांधलेला हा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. आतले जिने अरुंद आहेत, एवढंच. बादल महालात भिंतभर निळे ढग आणि पाऊस रंगवलेला आहे. पाऊस क्वचितच पडणाऱ्या मुलखातल्या राजाने तो भिंतीवर पाडून घेतला. त्या दालनात सोबतच्या घोळक्याला पुढे जाऊ द्या आणि दोन मिनिटं जास्त थांबा.

जोधपूर-जैसलमेर रस्त्याला थोडा वळसा घालून ओसियां करता येतं. जोधपूरच्या उत्तरेला ६५ किलोमीटर. सच्चियाय मातेचं मंदिर टेकडीवर आहे आणि कमानींखालून पायऱ्या चढायच्या. गुडघ्यांना त्या नको वाटल्या तर हळहळू नका. गावाच्या कडेला रस्त्यालगतच आठव्या-नवव्या शतकातली हरिहराची मंदिरं आहेत. जोती आहेत पण बेताची, तिकीट नाही, गर्दी नाही. शिल्पांच्या दृष्टीने आम्ही तर तीच आधी बघा म्हणू. मूळ आठव्या शतकातलं महावीराचं मंदिरही खालीच आहे.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या. पहाटे पारा पाच-सहावर असतो आणि दुपारी पंचविशीला जातो. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, तहानही लागत नाही, आणि संध्याकाळी डोकं धरतं. तहान लागो न लागो, माणशी तीन लिटर पाणी दिवसभरात पोटात गेलं पाहिजे.

प्रश्न : जैसलमेर किल्ल्यातली जैन मंदिरं बंद असल्याने आमचा हिरमोड झाला होता. पुन्हा जाणार आहोत. वेळ आणि नियम नीट सांगाल का? (नाशिक)

तुम्ही दुपारी गेला असणार. पर्यटकांसाठीची मुख्य वेळ सकाळची, आठच्या सुमारास ते बारापर्यंत. त्यातही सगळी मंदिरं एकाच वेळी उघडी नसतात. साडेआठला दारात असाल तर दोन तास शांतपणे मिळतात. दहानंतर गटाने येणाऱ्यांची रीघ लागते आणि चिंचोळ्या प्रदक्षिणामार्गात पुढचा हलला तरच मागचा हलतो.

चामड्याचं काहीही आत चालत नाही. चपला काढायचं सगळ्यांच्या लक्षात असतं. दारात अडवलं जातं ते कमरेच्या पट्ट्यासाठी, पैशांच्या पाकिटासाठी आणि घड्याळाच्या पट्ट्यासाठी. त्या दिवशी कापडी पाकीट आणि कापडी पट्टा वापरा म्हणजे ठेव-काढ होत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पाळी चालू असताना येऊ नये अशी पाटीही तिथे आहे. मंडपातल्या कोरीव कामाचे फोटो घेता येतात, गाभाऱ्यातल्या मूर्तीचे घेता येत नाहीत. पुजाऱ्याला ‘एकच’ म्हणून गळ घालू नका.

मंदिरं एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं ते कळत नाही. सुरुवात पार्श्वनाथापासून करा. दारावरचं तोरण बघताना मान वर करून लगेच पुढे जाऊ नका. एकच कमान धरा आणि डावीकडून उजवीकडे आकृत्या मोजत जा, म्हणजे नर्तकी, वादक, हत्ती हे वेगवेगळे दिसायला लागतात. आबूच्या संगमरवरात जी बारीक जाळी दिसते ती इथे वालुकाश्मात काढली आहे. हा दगड खाणीतून काढला की त्यामानाने मऊ असतो, छिन्नी चालते. संभवनाथाच्या मंदिराखाली ज्ञानभांडार आहे. तिथे ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्या आहेत. ते थोडाच वेळ उघडतं, म्हणून आत शिरतानाच आज केव्हा उघडणार ते विचारून ठेवा.

याच माळेतलं एक मंदिर गावाबाहेर, वायव्येला १५-१६ किलोमीटरवर, लोद्रव्याला आहे. जैसलमेरच्या आधी भाटी राजांची राजधानी तिथे होती. राजधानीचं आता काही उरलेलं नाही, पण पार्श्वनाथाचं मंदिर सतराव्या शतकात पुन्हा उभं राहिलं. तोरण, जाळीच्या भिंती, कल्पवृक्ष, आणि किल्ल्यातल्या गर्दीचा मागमूस नाही.

प्रश्न : जैसलमेरला किल्ल्याच्या आतच मुक्काम करावा असं सगळे सांगतात. तुमचं मत? (पुणे)

खाली राहा. वर राहण्यातली मजा खरी आहे. झरोक्यातून सकाळ बघायला मिळते आणि किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. पण अडचण पाण्याची आहे. ११५६ च्या सुमाराचा हा किल्ला अशा माणसांसाठी बांधला गेला, जी खालच्या तळ्यावरून घागरीने पाणी आणून जपून वापरत होती. नळ आल्यावर, आणि मागोमाग हॉटेलांची न्हाणीघरं आल्यावर, पाण्याचा वापर कैक पटींनी वाढला. ते पाणी गळक्या गटारांतून डोंगरात मुरतं. किल्ल्याखालची टेकडी अखंड कातळाची नाही, तिच्यात माती आणि ठिसूळ थर आहेत. ते भिजले की फुगतात, घसरतात, आणि वरचे बुरूज कलतात. काही बुरूज ढासळले आहेत. गटारांची दुरुस्ती झाली आहे, तरी भार कमी झालेला नाही. युनेस्कोच्या यादीत २०१३ मध्ये नाव आल्याने डोंगर कोरडा होत नाही.

सोयीच्या बाजूनेही खालचं बरं. सामान उचलून चढ चढावा लागत नाही, आणि किल्ला दिसतो तो खालच्या गच्चीवरूनच. वरून किल्ला दिसणार कसा?

प्रश्न : बडा बाग, मंडोर, जसवंत थडा, देवीकुंड सागर असं सगळीकडे ‘छत्र्या’च दाखवतात. एक बघितली की बाकीच्या सोडल्या तर चालेल ना? आणि त्यावरचे लेख आपल्याला वाचता येतात का? (कोल्हापूर)

वेळ कमी असेल तर दोन बघा, पण कुठल्या दोन ते निवडून. वानवडीच्या शिंद्यांच्या छत्रीतला हा तोच शब्द, राजाच्या दहनाच्या जागी किंवा त्याच्या नावाने उभारलेलं स्मारक. पण चारही ठिकाणी घडण निराळी आहे.

मंडोर ही जोधपूरच्या आधीची मारवाडची राजधानी, शहरापासून ९ किलोमीटरवर. तिथल्या स्मारकांना ‘देवल’ म्हणतात, आणि ती दिसतातही देवळासारखी. लालसर दगड, उंच शिखर, मंडप, खांब. आत देव नाही, एवढाच फरक. अजितसिंहाचं देवल सगळ्यांत मोठं. बागेत माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी नको. जसवंत थडा १८९९ चा, संगमरवरी. त्याच्या भिंतीतल्या काही शिळा इतक्या पातळ आहेत की उन्हात आतून उजळतात, त्यामुळे इथे मात्र ऊन भरपूर असताना जा. तो मेहरानगडाच्या वाटेवरच आहे, वेगळा दिवस लागत नाही. देवीकुंड सागर बिकानेरच्या पूर्वेला आठेक किलोमीटरवर, तळ्याकाठी. लाल दगडाच्या जुन्या छत्र्या आणि संगमरवराच्या नंतरच्या तिथे शेजारी शेजारी आहेत. बडा बाग जैसलमेरच्या उत्तरेला ६ किलोमीटरवर, उघड्या टेकाडावर पिवळ्या छत्र्यांची रांग. मागे पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्या कुणाला खटकतात, कुणाला आवडतात. आमची निवड मंडोर आणि बडा बाग, कारण एकाच कल्पनेची ही दोन टोकं आहेत.

बडा बागेत घुमटाकडे बघून परत फिरू नका, खालची उभी शिळा बघा. तिला देवळी म्हणतात. तिच्यावर घोड्यावर बसलेला पुरुष असतो आणि समोर हात जोडून उभ्या बायका. आपल्या वीरगळांची आणि सतीशिळांची ओळख असलेल्याला हे लगेच उमगेल. घोडेस्वार म्हणजे गेलेला राजा, आणि बायका म्हणजे त्याच्याबरोबर सती गेलेल्या. किती बायका आहेत ते मोजा. फोटो काढण्याआधी बघावी अशी ती एक गोष्ट आहे.

लेख देवनागरीत असतो, भाषा राजस्थानी वळणाची. झिजलेल्या अक्षरांवर समोरून ऊन पडलं तर काही लागत नाही. मोबाइलची बॅटरी शिळेला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, खाचांत सावली भरते आणि अक्षरं उठतात. त्यांवर खडू, पाणी किंवा पीठ चोळू नका, दगडाचा पापुद्रा सुटतो. साल विक्रम संवताचं असतं. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन येतो. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतची तिथी असेल तर ५६. संवत कार्तिकात बदलतो असं धरणारे त्याच्याही पुढे आश्विनापर्यंत ५६ च वजा करतात. जैसलमेरची स्थापना श्रावण, संवत १२१२ सांगतात. ५७ वजा केले तर ११५५, ५६ वजा केले तर ११५६. दोन्ही साले छापलेली दिसतील, गोंधळू नका. जैसलमेरच्या जुन्या लेखांत कधी भाटिक संवतही येतो. तो लहान आकडा असतो, त्यात ६२३ किंवा ६२४ मिळवायचे.

महिन्याचीही एक गंमत आहे, आणि ती जत्रेला जाणाऱ्यांच्याही कामाची. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्ष, म्हणजे त्यांचा ‘सुदि’, दोन्हीकडे एकाच महिन्याचा. वद्य पक्ष मात्र त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात मोजतात. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, त्यांची फाल्गुन वदि चतुर्दशीला, दिवस एकच. रामदेवऱ्याची जत्रा भाद्रपद सुदित आणि जैसलमेरचा मरू महोत्सव माघी पौर्णिमेला संपणारा, त्यामुळे तिथे कालनिर्णय बघून चालतं. ‘वदि’ लिहिलेलं असेल तिथे एक महिना मागे या.

प्रश्न : उंटावर बसायचं आहे, पण आईला (वय ६२) भीती वाटते. जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांपैकी सम बरं की खुरी? (ठाणे)

भीती रास्त आहे, कारण पडायची वेळ उंट चालताना येत नाही, उठताना आणि बसताना येते. बसलेला उंट आधी पुढच्या गुडघ्यांवर येतो, मग मागचे पाय एकदम ताठ करतो. त्या क्षणी स्वार पुढे फेकला जातो. लगेच पुढचे पाय सरळ होतात आणि झटका मागे बसतो. म्हणून ‘उठ’ म्हणायच्या आधीच दोन्ही हातांनी काठीची, म्हणजे उंटाच्या खोगिराची, पुढची खुंटी धरायची, पाठ मागे रेलायची आणि पुढचे पायही उभे राहिले की सरळ व्हायचं. बसताना आधी पुढचे पाय दुमडतात, म्हणजे पुन्हा तोंडघशी जायचा प्रसंग, पुन्हा मागे रेला. मोबाइल हातात धरून शूटिंग करणारेच बहुधा घसरतात.

बसण्याआधी काठीचा पोटाखालचा पट्टा आवळलेला आहे का बघा, आणि रिकिबी आहेत का ते. रिकीब नसली की पाय लोंबकळून वीस मिनिटांत मुंग्या येतात. सुती पूर्ण पँट घाला, मांड्या आतून सोलवटतात. आईंना पुढच्या जागेवर बसवा, मागच्या जागेला हेलकावे जास्त. भीती जातच नसेल तर उंटगाडी आहे. तिला रबरी टायर असतात, सपाट फळीवर गादी घालतात, आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत ती सुखरूप नेते. ठरवताना रक्कम नुसती बोलू नका, किती वेळ आणि कुठपर्यंत तेही बोला. नाहीतर दहा मिनिटांत पहिल्याच टेकाडावर ‘हाच पॉइंट’ होतो.

सम जैसलमेरहून ४० किलोमीटर, टेकड्या उंच, गर्दीही तेवढीच. जीप, दुकानं, रात्री तंबूंतले कर्णे. खुरी त्याहून थोडं लांब, नैऋत्येला, टेकड्या ठेंगण्या पण वस्ती निवांत. सूर्यास्ताला सगळी दुनिया समला असते, म्हणून आमचा सल्ला सूर्योदयाचा. रात्रीच्या वाऱ्याने वाळूवर नव्या लाटा उमटलेल्या असतात, त्यांवर अजून पाऊल पडलेलं नसतं आणि तिरप्या उन्हात प्रत्येक लाटेला सावली असते. दिवस वर आला की ते सारं सपाट होतं. कॅमेऱ्याची भिंग तिथे बदलू नका. मोबाइल झिपच्या पिशवीत घालूनच न्या. बारीक वाळू चार्जिंगच्या छिद्रात अडकली की घरी येईपर्यंत निघत नाही.

एक विनंती. हा पट्टा राष्ट्रीय मरू उद्यानाला लागून आहे, आणि माळढोकाचे अगदी थोडे उरलेले पक्षी इथे आहेत. तंबू निवडताना ‘डीजे नाही’ असं सांगणारा निवडा.

प्रश्न : स्वतःच्या गाडीने तनोट आणि लोंगेवाला करता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

येईल, एका दिवसात. जैसलमेर ते रामगड ६५ किलोमीटर, तिथून तनोट सुमारे ५५, तनोटहून लोंगेवाला (१९७१ च्या लढाईचं ठिकाण) करून पुन्हा रामगडला यायचं. सगळा फेरा अडीचशेच्या पुढे जातो. टाकी रामगडला भरून घ्या, पुढे भरवसा ठेवू नका. मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा, रोख पैसे आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. १९६५ मध्ये इथे पडून न फुटलेले तोफगोळे मंदिरात ठेवलेले आहेत. तनोट ही भाटींची लोद्रव्याच्याही आधीची राजधानी, तेव्हा तनोट, लोद्रवा, जैसलमेर या क्रमाने बघितलंत तर एकाच घराण्याची वाट पायाखालून जाते. तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते, ती हातात नसेल तर तिथेच वळा. ड्रोन घरी ठेवा, हा सीमेवरचा जिल्हा आहे.

वाळूचं नीट ऐका. वारा सुटला की डांबरी रस्त्यावर वाळूचे पट्टे येतात. लांबून दिसताच वेग कमी करा. पट्ट्यावर असताना ब्रेक मारू नका, स्टीअरिंग वळवू नका. फोटोसाठी गाडी रस्त्याखाली उतरवलीत तर रुतणार. रुतल्यावर पहिली चूक म्हणजे ॲक्सिलरेटर दाबणं. चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणतं आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. मग चारही चाकं असून नसल्यासारखी. थांबा, उतरा, हाताने किंवा ताटलीने चाकांपुढची वाळू काढा. टायरमधली हवा ३२-३३ वरून २० पर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं. ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांच्यापुढे पायपुसणी अंथरा. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं असतात, लोक उगाच मागच्यांखाली दगड घालत बसतात. पहिल्या नाहीतर रिव्हर्स गिअरमध्ये हळू काढा. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरल्याशिवाय वेग घेऊ नका, कमी हवेचा टायर तापून फुटतो. त्यासाठी गाडीतल्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप न्यावाच.

प्रश्न : देशनोकला करणीमातेच्या मंदिरात खरंच पायाखाली उंदीर असतात? मुलं घाबरतील का? (लातूर)

असतात, हजारोंनी, आणि पायावरूनही जातात. बिकानेरहून ३० किलोमीटर. त्यांना तिथे ‘काबा’ म्हणतात, उंदीर म्हटलेलं आवडत नाही. चपला बाहेर, पण मोजे चालतात. जुने मोजे न्या आणि बाहेर आल्यावर टाकून द्या, खाली प्रसाद आणि दूध सांडलेलं असतं. पाऊल उचलून टाकू नका, फरशीवर घासत सरका. तुमच्या सरकण्याने काबा बाजूला होतात. उचललेल्या पावलाखाली मात्र येऊ शकतात, आणि पायाखाली काबा मेला तर चांदीचा वाहायचा अशी तिथली रीत आहे. परातीभोवती गोलाकार बसून ते दूध पितात, मुलांना तेच दाखवा, भीती निम्मी होते. रडणाऱ्याला कडेवर घ्या, खाली ठेवू नका. पांढरा काबा दिसणं शुभ मानतात, त्यासाठी लोक कोपऱ्यात ताटकळतात. तुम्ही वीस मिनिटांत बाहेर या. संगमरवरी दर्शनी भाग आणि चांदीची दारं मात्र थांबून बघा. महाराजा गंगासिंहांच्या काळातलं ते काम आहे.

प्रश्न : मे महिन्यात हॉटेलं निम्म्या दरात मिळतात. जावं का? (नागपूर)

नको. तुम्हाला उन्हाची सवय आहे हे मान्य, पण इथे बहुतेक देवळांत अनवाणी दगडी अंगण ओलांडायचं असतं, आणि ४५ अंशांत ते अंगण तव्यासारखं असतं. जावंच लागलं तर साडेनऊपर्यंत बाहेरचं उरका, दुपार खोलीत काढा, सहानंतर पुन्हा निघा. मोजे जवळ ठेवा.

प्रश्न : कुलधरा गाव झपाटलेलं आहे म्हणतात. बघण्यासारखं काय आहे? (रत्नागिरी)

भूत नाही. पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकात सोडलेलं गाव आहे, जैसलमेरहून १७-१८ किलोमीटरवर. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं उठली, अशी कथा सांगतात. गाइड तेवढीच सांगतो आणि तासाभरात परत आणतो.

बघायचं आहे ते गावाबाहेर. वर्षाला दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात पालीवाल गहू पिकवत होते. त्यासाठी खडीन. खडकाळ उताराच्या पायथ्याला, पाणी वाहून जाईल त्या बाजूला, मातीचा लांब बांध घालायचा. पावसात उतारावरचं सगळं पाणी बांधाला येऊन थटतं आणि गाळासकट जमिनीत मुरतं. उरलेलं पाणी सांडव्यातून काढून द्यायचं, आणि ओल असेपर्यंत त्यात गहू-हरभरा पेरायचा. वरून पुन्हा पाणी द्यावं लागत नाही. तुमच्याकडे पाऊस त्याच्या वीसपट पडतो, तरी उन्हाळ्यात टँकर येतात, हे मनात ठेवून बघा. जुने खडीन या भागात आजही पेरले जातात. गाइडला ‘भूत नको, खडीन दाखव’ म्हणा. हिवाळ्यात गेलात तर उजाड माळावर मधेच हिरवा चौकोन दिसेल, तोच.

परतताना संध्याकाळी गडीसर. नळ येण्यापूर्वी सारं जैसलमेर याच तळ्याचं पाणी प्यायचं. काठावरची कमान टिलोन नावाच्या नर्तकीने बांधली म्हणतात. तिच्या कमानीखालून जायला राजा राजी नव्हता, तो ती पाडून टाकेल म्हणून तिने वर देऊळ बांधून घेतलं. देऊळ कोण पाडणार? कमान अजून उभी आहे. तळ्यात मोठाले मागूर मासे आहेत. पाव टाकलात तर पाण्याचं तोंड उघडल्यासारखं दिसतं. पाव टाकू नका, पाणी कुजतं.